सहावा घास

त्या मंगळवारी मी खिडकीची जाळी आणायला कोथरूडच्या नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"गेल्या आठवड्यातच नेलीत की चार मीटर. डास?"

"माश्या."

"माश्यांना जाळी कशाला? अन्न झाकून ठेवा." एवढं बोलून त्याने जाळी कापायला घेतली.

सल्ला बरोबर होता. मीही आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो. कृषी महाविद्यालयात एकतीस वर्षं कीटकशास्त्र शिकवलं. माझा प्रबंध फळमाशीवर होता, घरमाशीवर नव्हे. पण हा फरक आता कुणाला सांगायचा? आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तात्याराव तर जिन्यात भेटले की विचारायचे, "काय सर, जुने विद्यार्थी अजून मुक्कामाला आहेत वाटतं?"

मी हसायचो. हसण्याइतकी शक्ती तेवढी उरली होती.

माझी पत्नी कुसुम चौदा महिने अंथरुणावर होती. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. घशातून नुसता आवाज यायचा, आणि तो भुकेचा की दुखण्याचा हे मी अंदाजाने ठरवायचो. बहुधा चुकायचो. आजारी पडण्याआधी तिने माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं. तिच्या आईला शेवटी एका संस्थेत ठेवलं होतं, तिथून परत येताना रिक्षात ती म्हणाली होती, "मला असं कुठे ठेवू नका हं." मी हो म्हणालो होतो.

आमचा मुलगा अभय खराडीला राहतो. तो वाईट नाही. त्याने येरवड्याच्या पलीकडे एक शुश्रूषा केंद्र पाहून ठेवलं होतं. माश्या सुरू झाल्यावर एका रविवारी तो आला. कुसुमच्या डोळ्यांच्या कडेला तीन माश्या बसल्या होत्या आणि डावा हात उचलून त्या उडवण्याइतकं बळ तिच्यात नव्हतं. अभयने त्या रुमालाने उडवल्या. मग म्हणाला, "बाबा, हे हायजिनिक नाहीये. पुढच्या संडेला मी येतो. तेव्हाही असंच असेल तर मी आईला शिफ्ट करणार. प्लीज, आर्ग्युमेंट नको."

मी वाद घातला नाही. त्याचं चूक आहे असं मला म्हणता येईना.

सगळे उपाय करून झाले होते. ओला कचरा दिवसातून दोनदा खाली नेला. मोऱ्यांच्या जाळ्यांवर उकळतं पाणी ओतलं. फ्रिजमागे पाल मरून पडली असेल म्हणून फ्रिज ओढला, कंबर धरली, पाल काही मिळाली नाही. चिकट कागद टांगले. फिनेल, कापूर, लवंगा टोचलेलं लिंबू, सगळं झालं. माशी कुठेतरी जन्म घेते, तेवढी जागा शोधली की प्रश्न सुटतो, असं मी शिकवत असे. मला ती जागा सापडत नव्हती. तात्यारावांच्या घरात एक माशी नव्हती. वरच्या मजल्यावर नव्हती, खाली नव्हती.

आणि आणखी एक गोष्ट होती. मी ती कुणाला सांगितली नाही, कारण मला स्वतःचीच खात्री नव्हती. घरमाशी बसली की पुढचे पाय एकमेकांवर चोळते. आमच्या घरातल्या माश्या पाय चोळत नव्हत्या. गुळाच्या खड्याकडे जात नव्हत्या, उघड्या दुधाकडेही नाही. गुणगुणतही नव्हत्या. येऊन बसायच्या आणि तशाच राहायच्या... वाट बघितल्यासारख्या. विद्यार्थ्याच्या वहीत हे वाक्य दिसलं असतं तर मी लाल शाईने खोडलं असतं.

बुधवारी दुपारी जेवताना मला जागा सापडली.

मी धार्मिक माणूस नाही. पण कुसुम आजारी पडल्यावर जेवणाआधी चित्राहुती घालायला लागलो होतो, वडील घालायचे तशा. ताटाभोवती पाणी फिरवायचं, ताटाच्या उजवीकडे भाताचे पाच छोटे घास मांडायचे आणि प्रत्येकाला नाव घ्यायचं. चित्र, चित्रगुप्त, यम, यमधर्म आणि पाचवा सर्व भूतांना. श्रद्धा होती का? विचारू नका. ज्यांची नावं घ्यायची ते आपल्या घराकडे जरा उशिरा पाहोत, एवढाच हेतू असावा.

त्या बुधवारी कुसुमची चाकाची खुर्ची माझ्या डावीकडे होती. सरुबाई तिला मऊ भात भरवत होत्या. सरुबाई नऊ ते पाच येतात, बावधनकडच्या आहेत, माझ्यापेक्षा कितीतरी समजूतदार. उजवीकडची खुर्ची रिकामी, टेबलाखाली सारलेली. मी जेवून उठणार तोच त्या म्हणाल्या,

"सर, ह्ये काय हाय?"

माझ्या पाच घासांवर एकही माशी नव्हती. त्यांच्यापुढे, रिकाम्या खुर्चीच्या बाजूला, काळं काहीतरी होतं, बोराएवढं. मी चमच्याने हलवलं. माश्या उठल्या. खाली भाताचा घास होता.

सहावा.

"तुम्ही रोज सहा घालताय की," सरुबाई म्हणाल्या. "म्या पुसताना बघते. मला वाटलं, तुमच्यात तशी रीत आसंल."

रीत नव्हती. मी आठवत बसलो. तीन आठवड्यांपूर्वी चित्राहुती घालताना अभयचा फोन आला होता, त्या केंद्राबद्दल पहिल्यांदा सांगायला. फोन कानाला धरून मी पाच नावं घेतली आणि बोटं आपोआप सहाव्याकडे गेली असावीत. त्यावर नाव घेतलं नाही, कारण सहावं नाव नाहीच. पुढे हाताला सवय लागली. म्हातारपणी हात डोक्याला विचारत नाही. माश्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच्या.

एका घासाने घर माश्यांनी भरत नाही, हे मला कळत होतं. मला त्रास देत होतं ते वेगळंच. पाचवा घास सर्व भूतांचा. जेवढं म्हणून काही आहे, तेवढं सगळं त्यात आलं. मग सहावा कुणाला पोचत होता? सर्वांत जे येत नाही, ते काय असतं?

"नाव घ्यायचं ऱ्हायलं व्हय?" सरुबाईंनी हळूच विचारलं. "मग ते उठणार न्हाई, सर. आपलं नाव घेतल्याबिगर पाव्हणा तरी कसा उठंल..."

"उगाच काहीतरी बोलू नका," मी म्हणालो. त्या पुन्हा कुसुमला भरवायला लागल्या आणि मला वाईट वाटलं.

गुरुवारी मी सहावा घास घातला नाही. हाताकडे लक्ष ठेवून पाचच घातले. एक मिनिटभर काही झालं नाही. मग घरातली प्रत्येक माशी, पडद्यावरची, कागदांजवळची, मोरीतली, कुसुमकडे गेली. आवाज नव्हता. तिच्या ओठांवर, पापण्यांवर, नाकपुड्यांवर त्या बसल्या, एकीला लागून एक. सरुबाई पदराने वारत राहिल्या, मी टॉवेलने वारत राहिलो, त्या हलेनात. कुसुमच्या घशातून आवाज आला. तो कशाचा आहे ते या वेळी मला नक्की कळलं.

मी भाताचा घास टेबलावर ठेवला. माश्या तिला सोडून त्याच्यावर आल्या.

शुक्रवारी तेच. शनिवारी तेच, फक्त आता एका घासाने त्यांचं भागत नव्हतं. मूठभर भात मांडावा लागला, आणि त्यावरचा काळा ढीग रिकाम्या खुर्चीच्या कडेपर्यंत गेला. उद्या अभय येणार होता. भात ठेवावा तर तो हे बघणार, न ठेवावा तर आईचं तोंड बघणार. मला फार थकल्यासारखं झालं. चौदा महिने मी दोन तासांच्या वर सलग झोपलो नव्हतो. तिची कूस बदलायची, चादर बदलायची, औषधं बदलायची. हे सगळं पुढेही चालत राहावं एवढीच माझी इच्छा होती, आणि तीसुद्धा जास्त ठरत होती.

नाव हवं होतं, तर द्यायचं. पण कुणाचं? कुसुमचं देणार नव्हतो, अभयचंही नाही. परक्याचं देण्याचा मला काय अधिकार? उरलं एकच.

सरुबाई कुसुमचं तोंड पुसत होत्या. मी पळीभर पाणी सोडलं आणि त्या ढिगाकडे बघून म्हणालो, "बद्रीनाथाय नमः."

"सर!" सरुबाई म्हणाल्या. "स्वतःचं...?"

माश्या उठल्या. सगळ्या एकदम, एखादं काळं कापड कुणी झटकावं तशा. माझ्याच नव्या जाळीला एक क्षण चिकटल्या, आणि मग तिथे नव्हत्या. जाळी कुठे फाटली आहे का, ते मी दोनदा तपासलं. फाटलेली नव्हती. टेबलावर भात नव्हता, एक शीतसुद्धा.

रविवारी अभय साडेबाराला आला. सगळ्या खोल्यांतून फिरला. मोरीत वाकून पाहिलं.

"बाबा, घर एकदम क्लीन आहे! काय केलंत?"

"जाळी लावली," मी म्हणालो.

"गुड. मग मी त्यांना कॅन्सल सांगतो. आई इथेच राहू दे." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही बारीक झालात हो."

तो फोन करायला बाल्कनीत गेला. मी पाच घास घातले. सहावा घातला नाही. ज्याला नाव मिळालं त्याला ताटाबाहेर कशाला वाढायचं, असं मनात आलं, आणि ते मला आवडलं नाही.

तेवढ्यात कुसुम म्हणाली, "अहो..."

सरुबाईंच्या हातातला चमचा खाली पडला. चौदा महिन्यांनी. आवाज जरा घोगरा, पण तिचाच.

"काय गं? काय, कुसुम?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे, उजवीकडच्या खुर्चीकडे बघत होती.

"अहो, आमटी निवतेय. घ्या ना."

अभय धावत आत आला. "आई बोलली? आई बोलली!" त्याने तोच फोन तिच्यापुढे धरून व्हिडिओ सुरू केला आणि तो रडायलाच लागला. मी उठून तिची खुर्ची माझ्याकडे वळवली. "कुसुम, मी इकडे आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. एकोणपन्नास वर्षांत तिच्या सगळ्या नजरा मला पाठ झाल्या आहेत. ही तिची दार उघडतानाची होती, बाहेर अनोळखी माणूस उभा असला तर व्हायची ती. तिने डाव्या हाताने गाऊनची कॉलर सारखी केली.

"तुम्हीही बसा ना," ती अदबीने म्हणाली. "संकोच करू नका." मग पुन्हा खुर्चीकडे वळली, कुणीतरी काही म्हटल्यासारखी थोडी थांबली, आणि हसली. "बरं, थोडीच वाढायला सांगते."

डॉक्टर म्हणतात, अशा आजारात ओळख मागेपुढे होते. तसं असेलही. मी त्यातला नाही. ती आता दोन वेळा पोटभर जेवते, रंग सुधारला आहे, दुपारभर त्या बाजूला तोंड करून गप्पा मारते. घरात माशी नाही. मी तिची कूस बदलतो तेव्हा ती "थँक्यू हं" म्हणते.

काल सरुबाईंनी न सांगता त्या खुर्चीपुढेही ताट वाढलं. मी ते तसंच राहू दिलं. जेवणं झाल्यावर उचलायला गेलो, तर ते खरकटं होतं. माझं तसंच भरलेलं होतं. मी जेवलो होतो, असं मला पक्कं आठवतंय.