सरळ रस्त्यावरचा लाल दिवा

"हँडब्रेक ओढलात तर बघा हं!"

तिने त्याला म्हटलेलं हे पहिलं वाक्य. प्रेमात पडायला याहून गोड वाक्यं असतात म्हणे, पण ती सुचायला सवड कुणाला होती? पिवळी स्पोर्ट्स कार शर्यतीच्या ट्रॅकवरून थेट गॅरेजात शिरली होती, पुढच्या चाकांतून धूर निघत होता आणि चालवणाऱ्याचा हात सवयीने हँडब्रेककडे गेला होता. इतक्या तापलेल्या ब्रेकवर तो ओढला, की ब्रेकचे पॅड चाकाच्या चकतीला चिकटून बसतात.

"सॉरी... पाचव्या फेरीनंतर पेडल लोण्यात रुतल्यासारखं खाली जातंय."

"आणि तरी सहावी मारलीत?"

"आठवी."

"धन्य आहे तुमची!" म्हणत तिने हातमोजे चढवले.

ट्रॅकवर तिला सगळे 'ब्रेकवाली' म्हणत. गॅरेज मामाचं, पण ब्रेक तिचे. तिने दुरुस्त केलेली गाडी तीच तक्रार घेऊन परत आली, असं कधी झालं नव्हतं. ही आली. तीनदा.

आधी तिने जास्त उष्णता सोसणारं ब्रेक ऑइल भरलं. मग पॅड बदलले. मग पुढच्या बंपरमधून चाकांपर्यंत वारा नेणारे जाड पाइप बसवले. दरवेळी हा ड्रायव्हर शेजारी टायरवर बसून टॉर्च धरायचा आणि अखंड बडबडायचा.

"तुम्ही हसत नाही का कधी?"

"हसते. ब्रेक थंड असले की."

"म्हणजे माझ्या नशिबात नाहीच..."

तिला तो आवडायला लागला होता. यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त तिने ते लपवलं होतं.

मग गाडीच्या मालकाचा फोन आला. शनिवारी तो स्वतः येणार, ब्रेकने सलग वीस फेऱ्या काढल्या नाहीत तर गाडी दुसऱ्या गॅरेजात जाणार. मामाला गॅरेजच्या नावाची काळजी. तिला वेगळीच... गाडी गेली, की टॉर्च धरणाराही गेला.

तो ट्रॅकवर असला की ती नेहमीच दारात येऊन उभी राहायची; गुरुवारी पाना खाली ठेवून ती तिथूनच गाडी नीट निरखत राहिली. समोरच ट्रॅकचा लांबच लांब सरळ रस्ता. वळणांवर तापलेल्या ब्रेकना वारा मिळतो तो इथेच. पिवळी गाडी आली, आणि गॅरेजसमोर तिचे मागचे ब्रेकचे लाल दिवे लागले. जरा वेळाने विझले. पुढच्या फेरीला तसंच. तिसऱ्या फेरीला तिने मामाला दारात उभं केलं आणि स्वतः खिडकीआडून पाहिलं. दिवे लागले नाहीत. ती पुन्हा दारात आली. लागले.

गाडी आत आल्यावर तिने विचारलं, "सरळ रस्त्यावर ब्रेकवर पाय का ठेवता?"

"छे! मी कुठे—"

"मामा उभा होता तेव्हा नव्हता ठेवलात."

त्याचे कान लालबुंद झाले.

"तुम्ही दारात असता ना... त्या वेगात नीट दिसत नाही. मग पाय आपोआप..."

"दर फेरीला?"

"दर फेरीला. आवडता तुम्ही मला. घ्या, सांगून टाकलं!"

ती शांतपणे फडक्याला हात पुसत राहिली.

"एकाच जागी ब्रेकना वारा मिळतो, आणि नेमका तिथेच तू त्यांना तापवतोस? महिनाभर डोकं खाल्लंस माझं, शहाण्या!"

'तू' निसटून गेलं होतं. दोघांनाही ते कळलं.

"मग शनिवारी... बघूच नको?"

"वीस फेऱ्या अजिबात नाही. त्यानंतर ब्रेक थंड करायला एक फेरी हळू मारायची असते, ब्रेकला पाय न लावता. ती तू कधी मारतच नाहीस. तेव्हा बघ. हवं तेवढं."

शनिवारी ती दारात उभी राहिली. वीस फेऱ्यांत लाल दिवा तिच्यासमोर एकदाही लागला नाही. खरं तर तिला त्याचं थोडं वाईटच वाटलं. मालक मान डोलावून खूश होऊन गेला.

मग एकविसावी फेरी. गाडी रमतगमत आली. काच खाली, त्याची मान पूर्ण तिच्याकडे वळलेली. ती हसली, चांगली दात दिसेपर्यंत. गाडी आत वळायची सोडून पुढेच गेली. बाविसावी. तेविसावी.

"अगं, ब्रेक केव्हाच गार झाले असतील," मामा वैतागला. "हा येत का नाही आत?"

"असू दे रे मामा," ती म्हणाली. "मारू दे आणखी एक."