सरलामावशीचा पाला

“उपटा! मुळासकट उपटा!” भिकनकाका ओरडत होता, आणि महेशभाऊ चारपाच जणांना घेऊन झाडं उपटत होता.

दिवाळीच्या सुट्टीचा दुसराच दिवस. धनश्री, राघो आणि रंजना सुरतच्या गोडादऱ्यात लूमच्या खात्यामागच्या, म्हणजे कापड कारखान्यामागच्या प्लॉटवर धावत आले. तिथे सरलामावशीने साबुकंद लावलेला. ज्याच्या कंदाचा साबुदाणा होतो ना, तोच! पण मावशीला हवा असायचा पाला. त्यावर तिच्या तीन शेळ्या जगायच्या, आणि शेळ्यांवर मावशी.

“काकाची शेळी मेली,” राघो म्हणाला. “म्हणे कुंपणातून घुसली आणि हा पाला खाल्ला.”

“मावशीच्या तर रोज खातात!” धनश्री म्हणाली.

“वाळवलेला खातात,” रंजना म्हणाली. “ताज्यात विष असतं. म्हणून तर मावशी आधी पत्र्यावर वाळवते.”

धनश्रीने वर बघितलं आणि तिचं डोकंच सटकलं.

“ए, थांबा! खालचं एकही पान तुटलेलं नाही. शेंडे तुटलेत, माझ्या डोक्याच्याही वर! शेळी काय स्टूल घेऊन आली होती?”

“चूप बेस! शाळा सोडलेली पोरगी!” काका खेकसला.

“शाळा सोडली, बघायचं नाही सोडलं!”

राघो काकाच्या दारातल्या टोपल्याकडे पळाला. उरलेला एक हिरवागार शेंडा घेऊन आला आणि तुटक्या खोडाला लावला. बरोबर बसला!

काकाची मान खाली. “मला वाटलं, तिच्या शेळ्या खातात, तर माझी पण खाईल...”

“माले इचारं का?” सरलामावशी एवढंच म्हणाली.

तोवर चारच झाडं उभी राहिली होती.

“शाब्बास! काय डोकं चालवलं पोरांनी!” महेशभाऊने धनश्रीच्या पाठीवर थाप मारली.

तिने त्याचा हात झटकला. “माती लागलीय तुमच्या हाताला. उपटताना नाही दिसली?”

उपटलेला पाला वाळवून पंधरा दिवस पुरणार. नवा यायला तीन महिने! दुसऱ्या दिवशी मावशीने दोन शेळ्या विकल्या. टेम्पो वळेपर्यंत त्या ओरडत होत्या.

मग मावशी कोयता घेऊन बसली. उपटलेल्या खोडांचे वीत-वीत तुकडे केले, पोरं ते मातीत खोचत गेली; त्या तुकड्यांनाच नवा पाला फुटतो. भिकनकाका गुपचूप आला. एक तुकडा उचलून त्याने मातीत खोचला. उलटा!

मावशीने तो उपसला, सुलटा केला आणि परत खोचला.

“हाई बी इचारं नही,” ती म्हणाली.