सायलसच्या सहा बाटल्या

ती सुपारी इकडे दे आणि गप्प बसून ऐका. हे आमच्या सायलस गाबियाच्या बाबतीत खरं घडलंय. चांगला ओळखीचा माणूस, पण ओळख सांगायची लाज वाटते.

खाण कंपनीने त्याला नदीचं पाणी तपासायला ठेवला होता. काम ते केवढं! खालच्या वळणावर, जिथं आपल्या बायका साबूच्या झाडाचा गाभा नदीच्या पाण्यात मळून पीठ काढतात, तिथं महिन्यातून एकदा सहा बाटल्या भरायच्या आणि विमानाने शहरातल्या प्रयोगशाळेत धाडायच्या. पाण्यात खाणीचं तांबं जास्त निघालं, तर कंपनीने गावाला पावसाच्या पाण्याच्या टाक्या बसवून द्यायच्या, असं ठरलेलं. आणि हा दीडशहाणा बाटल्या चर्चच्या टाकीखाली धरायचा. नळ सोडायचा आणि शिट्टी वाजवत बसायचा. पाणी उत्तम असल्याचा कागद यायचा, साहेब पाठ थोपटायचा. गावात पोरांच्या अंगावर फोड, आणि हा तोंड वर करून सांगायचा, कागद वाचा म्हणून. स्वतः मात्र दुकानातलं बाटलीबंद पाणी प्यायचा.

त्याची सख्खी आत्या, डोरिगा, त्याच वळणावर साबू मळायची. हातांची सालं निघाली तरी मळायची. ईस्टरला गेली बिचारी. पुरायला हा आला तो नवे बूट घालून.

त्या वर्षी पाऊस आटला आणि चर्चची टाकीही. ऑगस्टातला तिसरा गुरुवार, रात्रीचे सव्वाआठ. सकाळी विमान, दुकान बंद. मग हा होडी घेऊन वरच्या नितळ ओढ्याकडे निघाला. खरं नदीचं पाणी भरायचं तेव्हाही जिवावर आलं होतं त्याच्या. वळणापाशी इंजिन बंद पडलं.

काठावर कुणीतरी साबू मळत होतं.

पाणी ओतायचं... पिळायचं... पुन्हा ओतायचं... रात्री साबू कोण मळतं?

त्याने विजेरी मारली.

आत्या.

मान खाली. हात कोपरापर्यंत पांढरे.

"नमुना घ्यायला आलास?"

"...हो, आत्या."

"मग माझ्या हातचा घे ना रे."

तिने एक बाटली घेतली. पिळून भरली. दुसरी घेतली... सहाही भरल्या. मग काठावर कुणी नव्हतं. इंजिन आपोआप सुरू झालं.

आता माणसाने निदान घाबरून तरी खरं सांगावं की नाही? या गड्याने पहाटे बाटल्या ओतल्या, तीनदा विसळल्या, दुकानदाराला झोपेतून उठवून बाटलीबंद पाणी घेतलं, ते भरलं, सील लावलं आणि विमानात चढवलं. मेलेल्या आत्यालाही फसवायला निघाला होता. थू त्याच्या जिनगानीवर.

सहा आठवड्यांनी कागद आला. तांबं मर्यादेच्या नऊपट. साहेबाने हातपाय आपटले, पण सील शाबूत होतं, करतो काय? टाक्या बसल्या. सायलसला हाकललं, त्याचं मला काडीचं दुःख नाही.

प्रयोगशाळेने एक बाटली परत पाठवली. दवाखान्यात नर्सबाईच्या कपाटात आहे, उद्या जाऊन बघा. तोंड एवढं अरुंद की करंगळी जात नाही. तळाशी बोटभर साबू बसलाय... अजून ओला.

आणि त्या साबूवर, आत, बाईच्या हाताची पाच बोटं उमटलीत.