बारावी ओळ

पनवेलला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात कॉम्प्युटर रुसला की सत्यजीतला बोलावणं यायचं. ही त्र्याण्णव सालची गोष्ट. त्या दुपारची तक्रार अगदीच किरकोळ होती. वेणूताईंचं नाव टाकलं की यंत्र अडून बसायचं. त्याच टर्मिनलवर दुसऱ्या कुणाचं नाव टाकलं की सुरळीत चालायचं.

वेणूताई मिठागरांच्या काठच्या जासईच्या. नवरा शिवा याच ऑफिसातला ऑपरेटर. न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यावर तो ट्रेलरखाली गेला आणि त्याची खुर्ची हिला मिळाली. मॅनेजर कमलाकर माणूस वाईट नव्हता, पण त्याचाही नाइलाज होता. सत्यजीतला बाजूला घेऊन तो म्हणाला, "आज नाही जमलं तर सोमवारपासून दुसरी बाई बघतो." वेणूताईंच्या घरात दोन पोरं आणि म्हातारी सासू.

युनिक्सचं तंत्र सोपं. नाव टाकलं की यंत्र आधी त्या माणसाची 'प्रोफाइल' नावाची फाइल वरून खाली वाचतं, मग काम उघडतं. अडणार ते तिथंच. त्यानं फाइल उघडली. ओळी अकरा, सगळ्या धुतल्या तांदळासारख्या. मग यंत्र वाचत असताना प्रत्येक ओळ पडद्यावर दिसावी अशी सोय करून त्यानं वेणूताईंचं नाव टाकलं. अकरा ओळी सरसर गेल्या. खाली बारावी उमटली, इंग्रजी अक्षरांत, पण मराठी.

जेवलीस?

शिवानं जाण्याआधी करून ठेवलेला चावटपणा, दुसरं काय! सत्यजीतनं अख्खी फाइल पुसली आणि पुन्हा नाव टाकलं.

जेवलीस?

एसीच्या गार हवेत आता मिठागराचा खारा वास येत होता. खिडक्या तर बंद होत्या.

"वेणूताई, हे रोज विचारतं?"

"हाय ना, सायेब. मला दिसतं."

"मग तुम्ही काय लिहिता?"

"'नाय' लिवते."

"जेवत नाही की काय?"

"जेवते की..." तिचा आवाज खाली गेला. "पन नाय म्हनलं की ते थांबतात."

सत्यजीत उगाच हसला. भुताखेतांपेक्षा त्याला सोमवारची धास्ती जास्त होती. "अहो, नोकरी जाईल! हो लिहा आणि मोकळ्या व्हा."

"तुमी सांगता म्हनून..."

तिनं 'हो' लिहिलं आणि काम झटकन उघडलं. कमलाकरनं खुशीत चहा मागवला. नोकरी वाचली म्हणून सत्यजीतला मनापासून बरं वाटलं. बॅग भरून त्यानं मान वर केली, तर पडद्यावरचं काम नाहीसं झालेलं.

मग चल.

"वेणूताई... तुम्ही हात लावलात?"

दोन्ही हात मागे नेऊन ती शांतपणे अंबाडा बांधत होती, बाहेर निघताना बायका बांधतात तसा. कीबोर्ड तिच्यापासून हातभर लांब होता.

कीबोर्डची बटणं आपोआप एकेक करून खाली जाऊ लागली, अगदी सावकाश, आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

आले, थांबा.