पुढे रस्ता नाही

बत्ती गेली ना? जाऊ दे. निमिष, तो मोबाईल पालथा ठेव बघू, त्याच्या उजेडाने गंगेचा घाट आणखी काळा दिसतो. मालविका, पायरी ओली आहे, इकडे सरकून बस.

दूधविनायक मोहल्ल्यातल्या शरदिनीमावशी तुम्हाला माहीत आहेत. त्यांच्याबाबतीत घडलेलं सांगतो. त्यांच्याच तोंडून ऐकलंय, आणि खोटं बोलावं इतकी भीड त्या बाईने आजवर कोणाची ठेवलेली नाही.

काम साधंच होतं. त्यांची भाची देवयानी पुण्यात डॉक्टर झाली आणि तिला सहा महिन्यांसाठी कोकणातल्या एका दवाखान्यात नेमलं. गणपतीपुळ्याच्याही पुढे, खाडीपलीकडचं गाव. राहायला दोन खोल्या मिळाल्या. पोरीचं बिऱ्हाड मांडून द्यायचं म्हणून मावशी बनारसहून निघाल्या. त्यांचे दीर रत्नाकरराव दारात उभे राहिले. "वहिनी, साठी उलटली तुमची. अर्ध्या वाटेतून परत याल."

"पुढच्या वाटेचं काही असेल तर बोला, भाऊजी," मावशी म्हणाल्या आणि चपला घातल्या.

त्यालाही कारण होतं. वीस वर्षांच्या असताना विश्वविद्यालयात नाव घालायला गेल्या होत्या. वडिलांनी फाटकातून परत आणलं. तेव्हापासून कोणी 'मागे फिर' म्हटलं की त्यांच्या कपाळाची शीर उडते.

तर दोन वर्षांपूर्वीची मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी. देवयानीची स्वतःची छोटी गाडी. रत्नागिरी सोडली आणि डाव्या हाताला समुद्र उघडला. मावशींनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. सुरूची झाडं, खाली पांढरी वाळू, जांभ्याच्या कड्यावरून वळत वळत जाणारा रस्ता. त्यांनी काच पूर्ण खाली घेतली. मग म्हणाल्या, "देवू, याला पैलतीरच नाही गं."

"नाही ना, मावशी. सीधा अरबस्तान."

"थांबव जरा."

असं दर वळणावर. थांबव जरा. एकदा तर खाली उतरून पाण्यात उभ्या राहिल्या, नऊवारी गुडघ्यापर्यंत भिजली, आणि पोरीसारख्या हसत सुटल्या. सूर्य बुडाला तेव्हा निम्मी वाटही सरली नव्हती.

एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाली बाई भांडी आवरत होती. कुठे निघालात, तिने विचारलं. गावाचं नाव ऐकून हात थांबला तिचा.

"काळोख पडलाय, बाय. खाडीच्या पुलाच्या अलीकडे कोणी काही सांगितलं, तरी गाडी फिरवू नका."

"कोण सांगणार?" देवयानीने विचारलं.

बाईने दिवा मालवला. फळी लावून घेतली.

पुढे रस्ता एकदम सामसूम. एक गाडी नाही, एक घर नाही. डाव्या बाजूला समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. आणि एका वळणावर तो उभा होता. पांढरा सदरा. केस कपाळाला चिकटलेले. अंगावरून पाणी निथळत होतं. पावसाचा तर महिनाच नव्हता.

त्याने हात वर केला. देवयानीने काच खाली घेतली.

"पुढे रस्ता नाही," तो म्हणाला. "मागे फिरा."

आवाज साधा होता. गावातला कोणीही बोलेल तसा.

"क्या हुआ, भैया? दरड कोसळली का?" देवयानीने विचारलं.

मावशी म्हणाल्या, "चल गं तू."

देवयानीने गाडी पुढे घेतली. एक वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर… तोच. तसाच निथळत.

"पुढे रस्ता नाही. मागे फिरा."

आता पोरीने करकचून ब्रेक दाबला. "मावशी, हा आपल्या आधी इथे कसा? काहीतरी गडबड आहे. फिरते मी." आणि मावशी काही म्हणायच्या आत तिने रिव्हर्स टाकला. गाडी मागे सरकली. आणखी सरकली.

मावशींना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी आपल्या बाजूचं दार उघडलं आणि खाली वाकून पाहिलं.

मागचं चाक कड्याच्या काठावर होतं. कठडा नव्हता. एक वीत जमीन, मग काही नाही. पार खाली पाणी… पांढरं, उकळल्यासारखं.

"ब्रेक!"

गाडी थांबली. खडे सुटले. ते खाली पडल्याचा आवाज आलाच नाही.

समोर, दिव्यांच्या उजेडात, तो आता रस्त्याच्या मधोमध होता. हसत नव्हता. रागावलेला नव्हता. नुसता वाट पाहत होता.

मावशी खाली उतरल्या.

"मावशी, नको… मावशी!"

"तू माझ्या मागून गाडी आण. हळू. माझ्या पाठीवरून नजर काढू नकोस."

पदर कमरेला खोचला. चालायला लागल्या. सरळ त्याच्या अंगावर.

"पुढे रस्ता नाही," तो म्हणाला.

"मग मी बघून येते."

"मागे फिरा."

"ऐक रे," मावशी म्हणाल्या. पाऊल थांबलं नाही. "मी मणिकर्णिकेच्या गावची आहे, जळत्या चिता बघत वाढलेली. आमच्याकडे मेलेल्या माणसाला कोणी भीत नाही. आम्ही त्याला वाट देतो. तू जित्या माणसांची वाट अडवतोस? मागे फिर सांगणारे मी लहानपणापासून पाहिलेत. माझे बाप होते ते, दीर होते. तू कोण?"

चार हात. दोन हात. थंडगार वारा आला, माशांच्या जाळ्यांचा वास आला. मावशींचे दात वाजायला लागले. तरी डोळे मिटले नाहीत.

"सरक."

एक पाऊल.

"सरक म्हणते ना!"

आणखी एक.

…तिथे कोणी नव्हतं.

त्या थांबल्या नाहीत. मागे वळून पाहिलं नाही. पूल येईपर्यंत तशाच चालत राहिल्या, गाडीच्या उजेडात, स्वतःची सावली पायाखाली घालत. रस्ता होता. चांगला डांबरी, कोराकरकरीत. पूल ओलांडल्यावर गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "हीटर लाव गं."

खोल्यांवर पोचल्या. सामान तसंच गाडीत ठेवून झोपल्या. सकाळी मावशींनी मागचं दार उघडलं. मागची सीट पुण्यापासून गाद्या, शेगडी, बादल्यांनी छतापर्यंत भरलेली. ते सगळं सामान उजवीकडे दाबून रचलेलं होतं. डावीकडे एका माणसाची जागा. रिकामी. आणि तिथला सीटबेल्ट लावलेला. घट्ट. कोणीतरी बसल्यासारखा पुढे ताणलेला.

देवयानी किंचाळली. मावशींनी वाकून पट्ट्याचं बटण दाबलं.

"पोचलो बाबा आपण," त्या म्हणाल्या. "उतर आता."

पट्टा सुटला. सावकाश मागे गेला.

सहा महिने दोघी तिथे राहिल्या. परतताना त्याच रस्त्याने आल्या, तेही काळोख पडल्यावर. मावशींचा हट्ट. कोणी भेटलं नाही. गाडी थेट बनारसला आणली, आता गल्लीत शिरत नाही म्हणून मैदागिनच्या चौकात उभी असते. मी स्वतः पाहिलीये, भर वैशाखात, लूच्या गरम झळा चालत असताना. दाराच्या पत्र्याला बोट लावलं तर फोड येईल असं ऊन.

मागच्या डाव्या बाजूचा पट्टा ओढून पाहिला.

चिंब ओला होता. बोट जिभेला लावलं…

खारट.