अल्बमची बारावी धून

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर हसू येणार नाही.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या मावसबहिणीच्या, लोडीमाच्या बाबतीत घडलंय हे. एवढंसं खोटं बोलली तरी तिचे कान लाल होतात, लहानपणापासून. हे सांगताना तिचे कान पांढरेफटक होते.

आणि रात्रबित्र काही नव्हती हां. ऑक्टोबरचा दुसरा रविवार. दुपारचे दोन. केंटकीच्या आमच्या डोंगरात, बंद पडलेल्या शाळेत. बाहेर लख्ख ऊन होतं.

लोडीमाच्या डॅडींचा, ऑर्बिनकाकांचा, ब्लूग्रास बँड. ब्लूग्रास म्हणजे आमच्या डोंगरातलं तारवाद्यांवरचं गाणंबजावणं. काका बँजो वाजवायचे आणि गायचे. त्यांचा धाकटा भाऊ एस्टिल फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर. लोडीमाची गिटार, शेजारच्या व्हर्लिनचं मँडोलिन, आणि व्हर्लिनची बायको जूनी त्या माणसाएवढ्या उंच तंतुवाद्यावर, बेसवर. नाव काय, तर 'बीच हॉलो बॉइज'. "दोन बायका असताना बॉइज कसले गं?" असं कुणी विचारलं की जूनी म्हणायची, "यांच्यापेक्षा जास्त दाढी मलाच येते ना, म्हणून!"

मार्चमध्ये एस्टिल गेला. झोपेतच.

आणि ऑर्बिनकाकांची छाती खाणीतल्या कोळशाने भरलेली. तीस वर्षं खाली काढली होती त्यांनी. नाकात ऑक्सिजनची नळी. डॉक्टर म्हणाले, नाताळ बघतील, पुढचं आम्ही सांगत नाही.

लोडीमाला एकच ध्यास लागला. डॅडी जायच्या आत अल्बम व्हायला हवा.

"माणूस राहणार नाही गं," मला म्हणाली, "पण आवाज तरी माझ्याजवळ राहू दे."

तर आमच्याकडे रेकॉर्डिंग असं होतं. माइक एकच. सगळे त्याच्याभोवती गोल उभे. ज्याची पाळी तो पुढे येतो, बाकीचे मागे सरून हळू ठेका धरतात. मग तो मागे, दुसरा पुढे. गाणं असेल तर शब्द संपले की संपतं. पण बिनशब्दांची धून फिरतच राहते. ती थांबवायला कुणीतरी एक पाय उचलतो. पाय दिसला की शेवटचा फेरा.

या बँडमध्ये तो पाय एस्टिलचा. सव्वीस वर्षांत दुसऱ्या कुणी उचलला नव्हता.

आता कोण उचलणार?

हे ठरवायचंच राहून गेलं! सराव लोडीमाच्या स्वयंपाकघरात व्हायचा आणि दर वेळी काकांच्या खोकल्याने धून मध्येच बंद पडायची. शेवटापर्यंत कधी कुणी पोचलंच नव्हतं.

त्या रविवारी शाळेत अकरा गाणी झकास झाली. प्रत्येक गाण्याआधी काका नळी काढायचे, कारण तिची फुसफुस माइकमध्ये यायची. गाणं झालं की लोडीमा धावत जाऊन नळी लावायची. तीन मिनिटांच्या वर एक क्षण नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं होतं.

उरली बारावी. बिनशब्दांची. एस्टिलनेच बांधलेली, पळत्या चालीची.

"डॅडी, राहू दे ना. अकरा पुष्कळ झाली."

"तीन मिनिटांत म्हातारा मरत नाही, पोरी."

"मेलास तर अल्बम जास्त खपेल," व्हर्लिन म्हणाला.

सगळे हसले. काका सगळ्यात जास्त हसले.

गोलात एस्टिलची जागा रिकामी ठेवली होती. मान म्हणून.

धून सुरू झाली. आधी बँजो. मग गिटार. मग मँडोलिन. आणि मग…

व्हर्लिन मागे सरला. जूनीनेही बेस ओढून वाट करून दिली.

वाट दिली… पण कुणाला?

लोडीमाही सरली. सरायचं तिच्या मनात नव्हतं. तिच्या कोपराला कुणाचं तरी कोपर लागलं, म्हणून ती सरली. तिने डावीकडे पाहिलं. डावीकडे कुणीच नव्हतं.

एक अख्खा फेरा माइकसमोर कुणी आलं नाही. नुसता ठेका चालू होता. मग पुन्हा बँजो.

तीन मिनिटं झाली.

चार… पाच…

कुणी थांबेना. सगळ्यांच्या नजरा त्या रिकाम्या जागेवरच्या फळ्यांना चिकटलेल्या. पाय उठायची वाट बघत होते सगळे. काकांचे ओठ निळे पडले. नखं निळी पडली. तरी बोटं पळत होती.

सातव्या मिनिटाला लोडीमाने पाय उचलला.

फेरा पुरा झाला. सगळे एकदम थांबले.

सगळे…?

टक… टक… टक…

रिकाम्या जागेवर टाच आपटत होती. अगदी ठेक्यात. पूर्ण एक फेरा. मग तीही थांबली.

जूनीने बेस तिथेच आडवा टाकला आणि "येशू, वाचव रे!" करत उन्हात पळाली. लोडीमाने डॅडींना नळी लावली. पहिला श्वास आत गेला आणि ते तिच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा.

"पाय कुणी उचलला? त्याचं झालं नव्हतं अजून!"

व्हर्लिनने टाचेचा आवाज कापून टाकला आणि तीनशे सीड्या काढल्या. बारावी धून सात मिनिटांची. त्यानंतर काही नाही. मी स्वतः ऐकली.

नोव्हेंबरमध्ये काका अंथरुणाला खिळले. एका मंगळवारी, सकाळी दहा वाजता, चुलीवर घेवडा शिजत होता, आणि ते म्हणाले, "लाव गं, ऐकू दे."

लोडीमाने लावली. उशाशी बसली. बारावी धून आली. सात मिनिटं झाली. प्लेअरवरचा आकडा शून्यावर गेला. सगळं शांत झालं.

आणि…

फिडल वाजलं.

एस्टिलच तो. सूर जरासा चढा लावायची खोड त्याचीच. लोडीमाने प्लेअर बंद केला. फिडल चालूच. तिने वायर उपटली. फिडल चालूच.

"एस्टिलकाका, नाताळ तरी होऊ दे!" ती किंचाळली. "नाताळपर्यंत म्हणालेत ना डॉक्टर! थोडे दिवस दे मला, हात जोडते!"

डॅडींनी डोळे उघडले. पांघरुणावर त्यांची बोटं चालायला लागली.

"सरक गं जरा, पोरी," ते म्हणाले. "माझी पाळी आली."

आणि ती सरली.

सव्वीस वर्षांची सवय. पाळी म्हटलं की सरायचं. ती उठून मागे झाली आणि बँजो ऐकू आला. काकांचा बँजो तेव्हा पलंगाखाली पेटीत होता. एक फेरा वाजला. मग दोन्ही थांबले, आणि डॅडींचा श्वासही थांबला.

"मी का सरले गं?" अजून विचारते मला. "सरले नसते तर?"



डिसेंबरात तिला राहवेना. डॅडींचा आवाज ऐकायचा म्हणून तिने सीडी लावली. मला सोबत बसवलं. अकरा गाणी ती रडत रडत ऐकत होती. बारावी सुरू झाली तसा मी तिचा हात धरला. सात मिनिटं संपली. मग फिडल, एक फेरा. मग बँजो, एक फेरा. मी माझ्या कानांनी ऐकलंय, शपथेवर सांगते.

त्यानंतर…

दोघंही हळू झाले. मागे सरल्यासारखे. नुसता ठेका चालू राहिला, पूर्ण एक फेरा, कुणी पुढे न येता.

बँजोनंतर गिटार. हा त्या बँडचा ठरलेला क्रम.

लोडीमाने घरातला सीड्यांचा खोका तेव्हाच चिकटपट्टी लावून बंद केला. व्हर्लिनच्या घरी तीच सीडी सात मिनिटांनी मुकाट थांबते. तो म्हणतो, आम्ही दोघी दुःखाने भ्रमिष्ट झालोय. म्हणू दे. गिटार तिने माझ्याकडे आणून टाकलीय, आणि मला ती घरात नकोशी झालीय.

लोडीमा एक्केचाळीसची आहे. धडधाकट. कसला आजार नाही.

पण परवा माझ्याकडे आली होती. जेवणं झाली, ती भांडी घासत होती. घरात कसलाही आवाज नव्हता. आणि मध्येच तिचे हात थांबले… मान जराशी कलली… आणि ती अर्धं पाऊल पुढे गेली.

मी धावत जाऊन तिचा दंड घट्ट धरला.

"कुठे निघालीस गं?"

दंड थंडगार होता. मी तिला मागे ओढत होते, आणि ती सरत नव्हती.