मरळ का वाचली?

धनगराची सारजा अंथुर्ण्याहून पहाटे निघाली, ती थेट बारामतीत लीलाबाईंच्या ओट्यावर येऊन टेकली. लीलाबाई आधी शाळेत शिकवत. आता लोकांच्या भानगडींचा छडा लावत. त्यांचे थोरले बंधू दत्तोबा टांगा हाकत आणि दर वेळी चुकीच्याच माणसावर संशय घेत.

सारजाचं म्हणणं असं : नीरेतल्या बेटाशेजारच्या डोहात परवा सारे मासे मरून तरंगले. बगळेही बेट सोडून गेले. तिच्या नवऱ्याच्या, कुंडलिकच्या, पालापाशी शेराच्या झाडाच्या चिकाची करवंटी सापडली, आणि या चिकानं मासे मरतात हे सगळ्या गावाला ठाऊक. उद्या पंच बसणार. कुंडलिकची बेटावरची चराई कायमची बंद होणार.

“मेंढरं कुठं न्यावी, बाई? काठ तर सगळा उसाखाली गेला.”

टांगा निघाला. वाटेतच दत्तोबांनी कुंडलिकला दोषी ठरवून टाकलं.

कुंडलिकनं चीक नाकारला नाही. मेंढरांच्या सडल्या खुरांना तो लावायचा. “आन् त्या दिवशी माझीच मेंढरं त्या डोहावर पाणी प्याली की. समदी धड हायती.”

सोपान भोई डोहावर पोट भरणारा. कुंडलिकशी त्याचं जुनं भांडण, पण बोलला सरळ. “समदं मेलं. मरळ तेवढी राहिली. घटकेघटकेला वर येती, वारा घेती, पुन्हा खाली.”

लीलाबाई हसल्या. दत्तोबांना हसण्यासारखं काहीच दिसलं नाही.

शेवटी बापूसाहेब, काठच्या उसाचे आणि गुऱ्हाळाचे मालक. काठ आणि बेट यांच्यामधला, डोहाला मिळणारा ओहोळ त्यांनी उन्हाळ्यात वरच्या तोंडाशी मातीनं बुजवून तिथं ऊस लावला होता; खालचं पाणी तुंबून राहिलं होतं. त्यांनी पाहुण्यांना आल्याआल्या गूळ-पाणी दिलं. गूळ पिवळाधमक. दत्तोबांनी दोन खडे चघळले.

“गुऱ्हाळ सुरू झालं वाटतं?” लीलाबाईंनी विचारलं.

“छे, अजून कुठं? दिवाळीच्या पाडव्याला चरकाची पूजा, मगच रसाच्या काहिलीखाली चुलवण पेटायचं.”

परतताना लीलाबाईंनी बुजवलेल्या ओहोळाच्या लव्हाळ्यातून ठेचलेली भेंडीची झाडं उपसली. कुणीतरी सडकी भाजी टाकली असेल, असं दत्तोबांचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर लीलाबाई उभ्या राहिल्या.

“विष असतं तर मरळही मेली असती, आणि मेंढरंही. मरळ वाचली, कारण ती वर येऊन हवा घेते. बाकीचे मासे पाण्यातच गुदमरले. पाणी नासलं कशानं?” त्यांनी भेंडीची झाडं पुढे टाकली. “ही ठेचून कुठं घालतात?”

“उकळत्या रसात,” पाटील म्हणाले. “मळी वर यायला.”

“ती मळी ओहोळात ओतली. ओहोळ वाहता असता तर ती निघून गेली असती. पण तो बुजवलेला. मळी तिथंच कुजली, डोहात पसरली आणि पाण्यातली हवा संपली.”

बापूसाहेब म्हणाले, गुऱ्हाळ पेटलंच नाही. पाहुण्यांना दिला तो गूळ मागल्या सालचा.

“पावसाळा काढलेला गूळ काळा पडतो, पाझरतो,” लीलाबाई म्हणाल्या. “दादा, काल खाल्लास तो कसा होता?”

दत्तोबा प्रथमच बरोबर बोलले. “रवाळ. दाताखाली कुरकुरत होता.”

दिवाळीच्या बाजारात पहिला गूळ आपला असावा, म्हणून पूजेआधीच चोरून चुलवण पेटवलं होतं, हे बापूसाहेबांनी खाली बघत कबूल केलं.

पंचांनी चराई कायम केली आणि ओहोळ मोकळा करायला लावला. पहिलं खोरं सारजानं घातलं, दुसरं सोपाननं.

“मासा यायला दोन पावसाळं लागतील,” सोपान म्हणाला.

“तवर माझ्या पालावर जेव,” कुंडलिक म्हणाला.

गढूळ पाणी खळखळत आत शिरलं. मेंढरं काठाला उतरली. बगळे मात्र नव्हते. ते पुढल्या साली परतले का, हे बघायला यायचं लीलाबाईंनी दत्तोबांशी तिथंच ठरवून टाकलं, टांग्याच्या भाड्यासकट.